दुसऱ्या मशीनची पाटी

जुना लॅपटॉप विकत घेताना आपण काय बघतो, वाचकहो? स्क्रीन बघतो, चार बटणं दाबतो, मग मशीन पालथं करून ओरखडे शोधतो. ओरखडे नसले की आपला जीव भांड्यात पडतो. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. या कथेतल्या दुकानदाराचाही सगळा भर त्या पालथ्या बाजूवरच होता.

चष्म्याच्या दुकानाला लागून त्याचं छोटंसं दुकान. बंद पडलेले लॅपटॉप तो उठवून बसवायचा, म्हणून अख्खी गल्ली त्याला 'डॉक्टर' म्हणायची. चष्मेवाला मुद्दाम मोठ्याने विचारायचा, "काय डॉक्टर, आज कोणाला जिवंत केलंत?" डॉक्टरला ते मनातून आवडायचं. माणूस तसा वाईट नव्हता. गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची द्यायचा, कॉलेजच्या पोरांना परीक्षेच्या दिवसांत चार्जर उसना द्यायचा आणि परत मागायला विसरायचा. त्याला एक सवय होती, एवढंच. आणि ती त्या धंद्यात सगळ्यांनाच होती.

मोठ्या कचेऱ्या जुने लॅपटॉप ढिगाने काढून टाकतात. त्यातल्या एखाद्या चालू मशीनचं खालचं झाकण पार खरवडलेलं असतं, तर कायमच्या बंद पडलेल्या मशीनचं झाकण कोरं करकरीत असतं. एकाच कंपनीच्या पुढच्या-मागच्या मशीनचा सांगाडा बऱ्याचदा सारखाच असतो. स्क्रू काढा, याचं झाकण त्याला लावा, फडक्याने पुसा, की झालं! पण मॉडेलचं नाव आणि नंबर छापलेली छोटी पाटी त्या झाकणावरच चिकटवलेली असते. झाकण गेलं की तीही जाते. मग आत एक मशीन आणि बाहेर दुसऱ्याचं नाव. डॉक्टर याला 'कपडे बदलणं' म्हणायचा. "चालतंय ना मशीन? मग अंगावर कपडे कोणाचे का असेनात!" असं म्हणून तो हसायचा, आणि चष्मेवालाही हसायचा.

एका दुपारी एक तरुण बाई दुकानात आली. ग्रंथालयात नोकरीला होती. तिने ओरखडे बघितले नाहीत. आधी विचारलं, "यात नंतर रॅम वाढवता येईल का? मला बाबांचा आवाज साठवायचाय."

डॉक्टरला काही उमजेना. तेव्हा तिने नीट सांगितलं. तिचे बाबा पोहायला शिकवायचे. तलावाच्या या काठावरून हाक मारली की त्या काठापर्यंत ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. आता त्याच घशात गाठ निघाली होती. ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यात स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. पण एक प्रोग्रॅम असा आहे म्हणे, की माणसाने आधी पुष्कळ वाक्यं वाचून रेकॉर्ड करून ठेवली, तर त्यांवरून तो त्या माणसाचा आवाज तयार करतो. मग माणसाने नुसतं टाइप करायचं, मशीन त्याच्याच आवाजात बोलतं.

"प्रोग्रॅम जड आहे," ती म्हणाली. "रॅम वाढवल्याशिवाय चालणार नाही. आणि ऑपरेशनच्या आत सगळं व्हायला हवं."

डॉक्टरला भरून आलं. त्याने मांडणीवरचं सगळ्यात स्वच्छ मशीन काढून दिलं. वर एक माउस फुकट दिला. आपण एक चांगलं काम केलं असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं अगदी खरं होतं.

काही दिवसांनी तिचा फोन आला.

"मशीन सुरू होताना स्क्रीनवर वेगळंच मॉडेल दिसतं, आणि खालच्या पाटीवर वेगळं आहे. मग मी रॅम कुठल्या मॉडेलची मागवू?"

डॉक्टर तेव्हा एक मशीन उघडून बसला होता. फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरलेला. या प्रश्नाचं खरं उत्तर त्याला माहीत होतं. मशीन सुरू होताना जे नाव सांगतं ते त्याचं स्वतःचं असतं, पाटी मात्र झाकणाबरोबर आलेली. पण हे सांगायचं म्हणजे कपडे बदलल्याचं कबूल करायचं. मग ती मशीन परत आणणार, शेजारपाजारी बोलणार. नसती कटकट कोणी ओढवून घ्यावी?

"पाटीवर आहे तेच खरं, मॅडम," तो म्हणाला. "स्क्रीनवरचं सोडून द्या. तिथे काहीही येतं."

पुढे तिचा आणखी एक फोन आला, रॅम बसवल्यापासून मशीन मध्येच अडकतं म्हणून. "गरम होत असेल, जरा हवा लागू द्या," असं सांगून त्याने तोही विषय मिटवला.

मग एके सकाळी, दुकान नुकतंच उघडलं होतं, आणि ती लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी राहिली.

"बाबांचं ऑपरेशन झालं," ती म्हणाली. "चांगलं झालं. धोका टळला."

"अरे वा! देव पावला."

"पण प्रोग्रॅम आवाज तयार करत नाही. बहुतेक सगळ्या फायली खराब आहेत म्हणतो. आम्ही तासन्‌तास बसून वाचलं होतं हो. सुरुवातीची वाक्यं मी ऐकून बघितली होती, नीट होती. पेन ड्राइव्हवर उतरवूनही ठेवली होती. तिथलीही खराबच निघाली."

"दुसरीकडे कुठे आवाज नाही का काकांचा? जुना व्हिडिओ वगैरे?"

"दोन-तीन आहेत. त्यात सगळी मुलं ओरडतायत पाण्यात."

डॉक्टरने मशीन टेबलावर पालथं घातलं, स्क्रू काढले, झाकण उचललं. आतलं मशीन कमी व्होल्टच्या रॅमवर चालणारं होतं. पाटीवरच्या मॉडेलला जास्त व्होल्टची लागते. घात असा, की दोन्ही रॅम एकाच खाचेत बसतात. बसतात, मशीनही सुरू होतं, आणि मग आतल्या आत चुका करत राहतं, साठवलेल्या फायलीही बिघडवतं. तिने रॅम मागवली होती ती पाटीवरच्या मॉडेलची, अचूक. बसवलीही होती व्यवस्थित, दोन्ही बाजूंनी दाबून. तिने काहीही चुकवलं नव्हतं.

डॉक्टरने वर बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"रॅम खराब निघाली, मॅडम," तो म्हणाला. "हल्ली कंपन्या काय वाटेल तो माल विकतात."

"म्हणजे माझंच चुकलं," ती हळूच म्हणाली. "रॅम मी आणली."

आता बोलायला हवं होतं! जिभेवर आलंही होतं. पण डॉक्टरने नुसती मान हलवली, आणि ती मान 'हो' अशी हलली की 'नाही' अशी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"जेवढं निघेल तेवढं काढून द्या," ती म्हणाली. "एखादं वाक्य निघालं तरी चालेल."

ती गेल्यावर डॉक्टरने ती रॅम काढली, योग्य ती बसवली आणि कानाला हेडफोन लावला. बऱ्याच फायली उघडतच नव्हत्या. काहींत नुसती खरखर होती. मग एकदम, भर उन्हाच्या वेळी, त्याच्या कानाशी एक भारदस्त आवाज म्हणाला, "खिडकी लाव, वारा येतोय."

डॉक्टरने दचकून मागे बघितलं. दुकानात कोणी नव्हतं.

"आज कोणता वार आहे?" आवाजाने विचारलं. मग खरखर. मग "मला थोडं पाणी दे", आणि त्यामागे मुलीचं हसू: "बाबा, सावकाश वाचा ना, शर्यत आहे का?" पुढे प्रोग्रॅमने दिलेली वाक्यं संपून त्यांची स्वतःची सुरू झाली. पोहायला शिकवतानाची असणार. "श्वास घे. आता सोड." आणि "घाबरू नकोस, मी इथेच..." एवढ्यावर ते वाक्य तुटत होतं. डॉक्टरने ते पुन्हा लावलं. तिथेच तुटलं. त्याने नाना उपाय केले, पण त्यापुढे आवाज नव्हताच.

त्या दिवसापासून डॉक्टरचं काहीतरी बिनसलं. हेडफोन काढून ठेवला तरी आवाज कानातून जाईना. घरी न्हाणीघरात नळ सोडला की पाण्यामागून कोणीतरी म्हणायचं, श्वास घे. जेवताना बायकोने भात वाढला, पुन्हा विचारलं, मग चिडून म्हणाली, "अहो, कुठे लक्ष आहे? तिसऱ्यांदा विचारतेय!" तो म्हणाला, "काही नाही, काम जास्त आहे." खिडकी आपटली तरी तो उठून लावायला जाईना. 'खिडकी लाव' असं तोच आवाज सांगतोय, असं वाटून तो जागीच खिळायचा.

दुकानात तर बसवेना. मांडणीवर मिटलेले लॅपटॉप ओळीने उभे होते, पुसून चकचकीत केलेले. त्याने एक उचलून पालथा केला. पाटी वाचली. हे नाव ज्या मशीनचं, त्याचं पोट त्यानेच फाडलं होतं, सुटे भाग काढून सांगाडा भंगारात दिला होता. त्याने दुसरा उचलला. त्याचंही तसंच. बंद पडून भंगारात गेलेल्यांची नावं चालत्या मशीनच्या अंगावर चिकटून होती, आणि ती चालती मशीन मुकाट्याने ती नावं घेऊन लोकांच्या घरी जात होती. कोणाच्या घरी काय गेलं, ते त्याचं त्यालाच आठवेना. तो दोन्ही मशीन जागेवर ठेवायला गेला, तर त्याला ती जागा कुठली हेही आठवेना.

"दुपारी शटर अर्धं खाली? बरं नाही का रे?"

वाकून आत आली ती त्याची थोरली बहीण. सरकारी इस्पितळात नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स होती. ड्यूटी संपवून, चप्पल ओढत, घरी जाता जाता डोकावणं ही तिची नेहमीची सवय. भावाचा चेहरा बघताच तिने पिशवी खाली ठेवली.

"काय झालंय? खरं सांग. बायकोशी भांडलास?"

"नाही गं ताई."

"मग तोंड का असं?"

डॉक्टरने हेडफोन तिच्या कानाला लावला. तिने ऐकलं. त्या तुटक्या वाक्यापाशी ती थबकली. मग त्याने सगळं सांगितलं. पाटी, फोन, रॅम, सगळं. सांगताना मध्येच म्हणाला, "पण ताई, सगळेच करतात हे. आणि मशीन तर मी चांगलंच दिलं होतं. त्याला योग्य रॅम घातली असती तर घोड्यासारखं पळालं असतं!"

"योग्य म्हणजे कुठली, हे तिला कुठून कळणार होतं?"

"पाटीवर..." डॉक्टर बोलता बोलता थांबला.

"बोल ना. पाटीवर काय?"

त्याने हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली.

"आमच्या वॉर्डात बाळाच्या पायात पट्टी असते," ताई म्हणाली. "आईचं नाव, नंबर. ती मळते, ओली होते, दुधाने चिकट होते. आम्ही दुसऱ्या बाळाची स्वच्छ पट्टी काढून त्याला घालतो का? छान दिसेल म्हणून? बाळ तर धडधाकट आहे, रडतंय, दूध पितंय, मग पट्टी कोणाची का असेना, असं म्हणतो का?"

"ताई, बाळ आणि लॅपटॉप..."

"एक नाही. मला कळतं तेवढं. पण पट्टी बघून डॉक्टर औषध लिहितात रे. खरे डॉक्टर! तुझी पाटी बघून त्या मुलीने रॅम आणली. नाव लावायचं ते शोभेला नसतं. पुढच्या माणसाने त्यावर विसंबून काहीतरी करावं म्हणून असतं. तू तिला खोटं मशीन नाही दिलंस. तू तिला खोटा भरवसा दिलास. आणि तिने फोन करून विचारलं होतं! तेव्हा तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी ताईने कान धरला की यायचं तसंच.

"आता काय करू?"

"तेही मीच सांगू?" असं म्हणून तिने पिशवी उचलली. मग दारातून मागे वळली. "ती पोरगी अजून स्वतःलाच दोष देत असेल. आधी ते थांबव."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्यांच्या घरी गेला. दार मुलीने उघडलं. तो आत पाऊल टाकतो तोच कोणीतरी मोठ्या उत्साहाने म्हणालं, "या! या! बसा ना!"

एखाद्या जाहिरातीतल्या तरुणाचा असावा असा तो आवाज होता, ताजा, हसरा. डॉक्टरने इकडेतिकडे बघितलं. खोलीत दुसरं कोणी तरुण नव्हतं. खिडकीपाशी खुर्चीत रुंद खांद्यांचा एक म्हातारा माणूस बसला होता. गळ्याशी पांढरं कापड बांधलेलं, मांडीवर फोन. तो हसत नव्हता.

"तयार आवाजांतला हाच एक बरा होता," मुलगी म्हणाली. "बाबा रागावले तरी हा असाच बोलतो."

ज्या माणसाचा आवाज त्याच्या कानात घर करून बसला होता, तो माणूस समोर होता आणि त्याच्या तोंडी परक्याच कोणाचा आवाज होता! आत एक आणि बाहेर दुसऱ्याचंच, आपण हे आधी कुठे केलंय ते त्याला लख्ख कळलं. तो बसला नाही. उभ्यानेच बोलला.

"मॅडम, तुमचं काही चुकलं नव्हतं. रॅम खराब नव्हती. मशीनवरची पाटी त्या मशीनची नव्हती. ते झाकण मी बदललं होतं, दिसायला चांगलं म्हणून. तुम्ही फोन केलात तेव्हा मला माहीत होतं."

मुलीने उघडं राहिलेलं दार लावून घेतलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "दोन नावांतलं खरं कुठलं ते."

"हो."

"रोज मी मनात म्हणतेय, माझ्या हाताने बाबांचा आवाज गेला. रोज! यांना पाणी देताना, यांचं ड्रेसिंग बदलताना. आणि तुम्हाला माहीत होतं? त्या दिवशी मी तुमच्यासमोर म्हटलं, माझं चुकलं म्हणून, आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"हो," डॉक्टर म्हणाला.

खिडकीपाशी काका एका बोटाने टाइप करत होते. बराच वेळ लागला. मग तो हसरा तरुण म्हणाला, "अशी अजून किती मशीन विकलीत?"

"लक्षात नाही, काका."

पुन्हा बोट फिरलं. "मग शोधा! त्या लोकांनी त्यात काय ठेवलंय, ते विचारा!"

सेलमध्ये काही स्वस्त मिळतंय असं सांगावं, तसं ते वाक्य खोलीत घुमलं. मग काकांनी फोन बाजूला ठेवला. डॉक्टरच्या डोळ्यांत डोळे घालून ते बोलू लागले. नुसते ओठ हलत होते. आवाज नाही, श्वास नाही, पण बोलणं लांब होतं, आणि मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. तलावाच्या त्या काठाला ऐकू जावं अशा जोराने तो माणूस काहीतरी सांगत होता, आणि समोर हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला त्यातला एक शब्द कळत नव्हता.

"काय... काय म्हणतायत?" डॉक्टरने विचारलं.

मुलीने मान हलवली. "जे त्या आवाजात बोलायचं नसतं, ते बाबा असं बोलतात. कधी कळतं मला. कधी नाही. आज नाही कळलं."

ती शिवी होती, शाप होता की आणखी काही, हे डॉक्टरला कधीच कळलं नाही. त्याने काढलेली वाक्यं तिच्या हातात दिली. त्यांतून नवा आवाज तयार होणार नाही हेही स्वच्छ सांगितलं. लपवण्यासारखं त्याच्याकडे आता काही उरलं नव्हतं.

त्यानंतर डॉक्टरने मांडणीवरचं एकेक मशीन उतरवलं, सुरू केलं, त्याचं स्वतःचं नाव स्क्रीनवर वाचलं आणि परकी पाटी खरवडून काढून तिथे खऱ्या नावाची चिकटवली. जिथे झाकण बदललं होतं तिथे तसं लिहिलं. कुठली रॅम चालेल आणि कुठली नाही, तेही लिहिलं. मग फोन हातात घेऊन, नंबर सापडतील तसे, जुन्या गिऱ्हाइकांना तो सांगू लागला, "तुमच्या मशीनखाली जे नाव आहे ते त्याचं नाही. ते मी लावलं. काही वाढवायच्या आधी, काही साठवायच्या आधी, माझ्याकडे घेऊन या." कोणी आभार मानले. कोणी तोंडभरून शिव्या दिल्या. कोणाचा नंबर आता लागत नव्हता, आणि अशा वेळी तो फोन कानाला लावून नुसता बसून राहायचा. चष्मेवाला म्हणाला, "डॉक्टर, धंदा बसवाल अशाने!" थोडा बसलाही. ओरखडे असलेली मशीन ओरखड्यांसकट विकायला वेळ लागतो.

वाचकहो, तुम्ही जुनं मशीन घ्याल तेव्हा पाटीवर विसंबू नका. ते सुरू करून त्यालाच त्याचं नाव विचारा, दोन्ही नावं जुळवून बघा, आणि जुळली नाहीत तर विकणाऱ्याला दारातच अडवा. पण हे झालं घेणाऱ्याचं. विकणाऱ्यांनो, दुरुस्त करणाऱ्यांनो, आपल्या हातून रोज काही ना काही दुसऱ्याच्या घरी जातं अशा तुम्ही-आम्ही सगळ्यांनो! जे जसं आहे त्याला तेच नाव लावा, आणि कोणी विचारलं तर तेच सांगा. "एवढ्याने काय होतंय" असं म्हणू नका. आपल्या शब्दावर भरवसा ठेवून पुढचा माणूस त्या वस्तूत काय ठेवणार आहे, ते आपल्याला माहीत नसतं. आणि जेव्हा कळतं, तेव्हा बहुतेक वेळा ते परत मिळवून देता येत नाही.